राजाचा खांदा

सांगलीचं घर बिल्डरकडे द्यायचं ठरलं तेव्हा माळ्यावरून 'चांदोबा'चे बांधून घेतलेले गठ्ठे खाली आले. शिवण उसवलेली, पानांच्या कडा तपकिरी, मधूनमधून वाळवीनं केलेले बोगदे. वास असा की नाक खुपसलं की शिंक येणार आणि तरी पुन्हा खुपसावंसं वाटणार. माझी पुतणी जमिनीवर पालथी पडून एकेक पान उलटत होती. ती इंग्रजी शाळेत जाते, मराठी अजून बोट ठेवून वाचते, त्यामुळे तिच्या दृष्टीनं ते चित्रांचंच पुस्तक. ती विक्रम-वेताळाच्या पानावर थांबली. आता ही दचकेल, असं म्हणून मी जरा उत्सुकतेनं बघत होतो. लहानपणी ते पान आम्ही चुलत भावंडं एकमेकांच्या तोंडासमोर धरून घाबरवायचो. ती दचकली नाही. चित्राच्या अगदी जवळ डोळे नेऊन तिनं विचारलं, "काका, याचा खांदा नाही दुखत?"

मी म्हणालो, "अगं, तो राजा आहे ना."

मोठ्यांनी काहीतरी फेकलेलं उत्तर मुलांना लगेच कळतं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पान उलटलं. वहिनीनं जेवायला हाक मारली, गठ्ठे पुन्हा खोक्यात गेले. पण तो खांदा काही माझ्या डोक्यातून उतरेना. इतकी वर्षं ते चित्र पाहिलं, आणि माझी नजर कायम तलवारीवर, नाहीतर झाडावर, नाहीतर आजूबाजूच्या काळोखावर. ज्या एका जागेवर त्या चित्राचा सगळा भार आहे, तिथे मी कधी पाहिलंच नव्हतं.

ते चित्र कसं आहे हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. महिन्यामागून महिने गोष्ट बदलायची, चित्र तेच. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'तल्या पंचवीस गोष्टी केव्हाच संपल्या होत्या. त्यानंतर 'चांदोबा'च्या मद्रासच्या कचेरीत बसून मंडळी नव्या गोष्टी रचत राहिली आणि त्याच प्रेताच्या तोंडी घालत राहिली. चित्रकार शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, 1952मध्ये तिथे लागले, कित्येक दशकं तिथेच काम करत राहिले आणि 2020मध्ये गेले. त्यांनी हजारो चित्रं काढली असतील, पण लोकांनी लक्षात ठेवलं ते हे एक. त्यांचं रेखाटन तालमीतलं आहे. शरीर कसं उभं राहतं, वजन कुठल्या पायावर जातं, हे त्यांच्या हाताला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच राजा प्रेत 'घेऊन उभा आहे' असं वाटत नाही, तो निघाला आहे असं वाटतं. चेहऱ्यावर मात्र भीती नाही, दुःख नाही, किळसही नाही. सावध आहे, एवढंच. लहानपणी मला वाटायचं, शूर माणूस असाच दिसतो. आता वाटतं, शंकर यांनी चेहऱ्यावर काही ठेवलंच नाही, कारण ते त्यांनी दुसरीकडे ठेवलं होतं. पुतणीला ते एका नजरेत सापडलं.

आई ती गोष्ट वाचून दाखवायची तेव्हा मला वेताळाची भीती वाटायची नाही, त्याच्या धमकीची वाटायची. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं होतील. मी अंथरुणात पडल्यापडल्या डोक्यावरून हात फिरवून बघायचो. आणि त्यातला अन्याय मला फार लागायचा. बोललं नाही तर मेला, बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर. म्हणजे एवढं अंतर तोलून आणलेलं ओझं एका बरोबर उत्तरासाठी हातचं जायचं आणि हा माणूस काही न बोलता माघारी वळायचा. चिडायचा नाही, कपाळ बडवून घ्यायचा नाही. आई ती शेवटची ओळ नेहमी एकाच सुरात वाचायची, त्यात कंटाळा असायचा की कौतुक हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिला तेव्हा दिवसभर उभं राहून करायची कामं होती, हेही आता लक्षात येतं.

हे सगळं नव्यानं आठवायचं आणखी एक कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी अमेरिकेत असलेल्या एका मित्रानं मला माइक मिन्योलाचं 'हेलबॉय' हे कॉमिक वाचायला दिलं होतं. मी तेव्हा नाक मुरडलं होतं. लाल रंगाचा, शेपटीचा, कपाळावर शिंगांची कापलेली थोटकं असलेला राक्षस, उजवा हात दगडाचा आणि अंगात लांब कोट. हे आपल्या वयाला शोभणारं वाचन नव्हे असं मी ठरवूनच टाकलं होतं. पण त्यातल्या एका कथेनं मला धरून ठेवलं. कथेचं नाव 'द कॉर्प्स', म्हणजे प्रेत. स्थळ आयर्लंड, साल 1959. एका घरातलं तान्हं बाळ परीलोकातल्या लोकांनी पळवलं आहे आणि पाळण्यात भलतंच काही ठेवून दिलं आहे. बाळ परत हवं असेल तर हेलबॉयनं एक प्रेत पाठीवर घ्यायचं आणि उजाडायच्या आत ते पवित्र भूमीत पुरायचं. प्रेताला नाव आहे, टॅम ओ'क्लॅनी. आणि ते बोलतं.

म्हणजे रात्र, ओसाड वाट, पाठीवर बोलणारं प्रेत आणि मुदत. मी ती पानं वाचताना मोठ्यानं हसलो होतो, कुणीतरी परक्या गावात आपल्या आळीचा पत्ता विचारावा तसं झालं. मिन्योलानं ही कथा एका जुन्या आयरिश लोककथेवरून घेतली आहे. टीग ओ'केन नावाच्या एका उनाड तरुणाच्या पाठीला प्रेत चिकटतं आणि तो रात्रभर एका चर्चच्या आवारातून दुसऱ्या आवारात हिंडतो, पण पुरायला कुठे जागाच मिळत नाही. ही लोककथा टिपून ठेवली डग्लस हाइडनं, जो पुढे 1938मध्ये आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. आपल्या वेताळाचा आणि त्या प्रेताचा काही नातेसंबंध आहे का, या भानगडीत मी पडत नाही. अशा वंशावळ्या काढणाऱ्यांची पुस्तकं जाड असतात आणि शेवटी 'असावा' या शब्दावर संपतात. मला पडलेला प्रश्न त्याहून साधा आहे. मद्रासेतला एक माणूस आणि कॅलिफोर्नियातला एक माणूस, दोघांनाही रात्रीच्या वाटेवरून मेलेल्या माणसाला वाहून नेणारा जिवंत माणूस काढायचा आहे. त्याला काय वाटतंय, हे ते कागदावर कुठे ठेवतात?

मिन्योला ते शाईत ठेवतो. त्याच्या पानाचा अर्धा भाग काळा असतो. ही सावली म्हणून भरलेली काळी जागा नव्हे. माणसाच्या अंगाचा एक तुकडा, चेहऱ्याची एक बाजू, कोटाची घडी, भिंत, झाड, सगळं एकाच काळ्यात मिसळतं आणि कुठे काय संपतं ते कळत नाही. रेघा मोजक्या आणि कोनदार. हेलबॉयचे डोळे म्हणजे दोन पिवळे ठिपके, बाहुल्या नाहीत. भुवया असून नसल्यासारख्या. तोंड म्हणजे एक आडवी फट. अशा चेहऱ्याकडून कसल्या भावना वदवून घेणार? पण गंमत अशी की तो खांदे पाडून चालत असतो. भलामोठा धिप्पाड प्राणी, आणि मान थोडी पुढे, पाठ थोडी वाकलेली, जणू कामावरून घरी निघालेला पाणीखात्यातला माणूस. प्रेत पाठीवर असलं काय आणि नसलं काय, त्याची पाठ तशीच असते. त्याचा सगळा स्वभाव त्या पाठीत आहे. तो ज्या कामासाठी जन्माला घातला गेला ते जगाच्या अंताचं काम त्याला करायचं नाही, म्हणून शिंगं वाढली की तो ती मोडतो, आणि दुसरं मिळालेलं काम निमूट करत राहतो.

मिन्योलाची आणखी एक खोड आहे, जी मला सुरुवातीला वेळकाढूपणा वाटली. संवाद चालू असतो, आणि मध्येच तो एक छोटी मूक चौकट घालतो. एखाद्या पुतळ्याचा तुटका चेहरा. बेडूक. कवटी. वाळकं पान. कथेशी त्याचा काही संबंध नसतो, कुणी त्याकडे बघतही नसतं. पुढच्या चौकटीत संवाद जिथे थांबला होता तिथून सुरू. पण वाचताना आपण त्या चौकटीपाशी नकळत श्वास घेतो. आपल्याकडे कुणाच्या घरी समाचाराला गेलं की बोलणं मध्येच थांबतं, कुणीतरी पंख्याकडे बघतं, कुणी सतरंजीची सुटलेली दशी बोटाला गुंडाळत बसतं, मग पुन्हा कुणीतरी म्हणतं, "हं, मग दवाखान्यात कधी नेलं?" ती दशी म्हणजे मिन्योलाची मूक चौकट. 'द कॉर्प्स' 1995मध्ये पहिल्यांदा आली ती एका वितरकाच्या कॅटलॉगमध्ये, दर अंकात दोन-दोन पानं अशी. एवढ्या तुटक्या जागेतही त्यानं या मूक चौकटी कापल्या नाहीत. दुसऱ्या कुणी मारामारीची चौकट मोठी केली असती.

मारामारी आहेच त्यात, आणि खरं सांगायचं तर मी ती पानं भरभर उलटतो.

वडील गेले तेव्हा मी तिरडीच्या पुढच्या बाजूला होतो. हे इथे का आठवलं ते उघड आहे. वाईट वाटेल, रडू येईल, पाय लटपटतील अशी तयारी मी मनाशी केली होती. प्रत्यक्षात वाटेत दुसरं काहीच नव्हतं, फक्त बांबू होता. बांबूचं एक पेर नेमकं गळपट्टीच्या हाडावर येत होतं. मागचा माझ्यापेक्षा उंच, त्यामुळे उतारावर सगळा भार माझ्याकडे सरकायचा. कुणीतरी शेजारून चालत "सावकाश, सावकाश" म्हणत होतं. पाय जुळवायचे, खड्डा चुकवायचा, खांदा हलू द्यायचा नाही. वडिलांबद्दल एक विचार मनात आला नाही. विसाव्याच्या जागी तिरडी खाली ठेवली, पुढचे मागे झाले, मागचे पुढे आले, आणि तेवढ्या वेळात हात वर करून मी खांदा चोळला. लगेच ओशाळलो, कुणी पाहिलं तर नाही ना असं इकडेतिकडे बघितलं. घरी आल्यावर आंघोळीला गेलो तेव्हा खांद्यावर लाल वळ होता. पुढचे काही दिवस मी एकटा असलो की तो दाबून बघायचो. दहाव्याच्या आधीच तो गेला, आणि तेव्हा मात्र मला काहीतरी हरवल्यासारखं झालं.

विक्रमाच्या वाटेत विसावा नाही, हे मला परवा सुचलं. झाड आणि स्मशान, या दोनच जागा. मध्ये कुठे खाली ठेवायचं नाही, खांदा बदलायला दुसरं कुणी नाही. त्या गोष्टीतली सगळ्यात भयंकर बाब हीच असावी आणि गोष्टीत तिचा उल्लेखही नाही. ती फक्त चित्रात आहे.

भुताखेतांच्या कॉमिक्सबद्दल बोलताना लोकांच्या डोळ्यांसमोर येतात ते फाकलेले डोळे, आ वासलेली तोंडं, घामाचे थेंब. ही परंपरा मोठी आहे आणि तिला मी कमी लेखत नाही. अमेरिकेत 1950च्या सुमारास ईसी नावाच्या प्रकाशनानं काढलेल्या भयकथांमध्ये ग्रॅहम इंगल्स नावाचा चित्रकार होता, तो सहीच 'घॅस्टली' अशी करायचा. त्याच्या चित्रांत सगळं ओघळत असतं, लाळ, कातडी, केस, चिंध्या, घराच्या भिंतीसुद्धा. पाहताना अंगाला काहीतरी चिकटल्यासारखं होतं. 1954मध्ये तिथल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता घालून घेतली, मुखपृष्ठावरच्या नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्दही चालेनात, आणि हा सगळा ओघळता कारभार आटोपला. मला इंगल्स आवडतो, पण तो मला माझं काही आठवू देत नाही. किंचाळणारा चेहरा किंचाळायचं काम स्वतःच उरकून टाकतो, वाचणाऱ्याच्या वाट्याला फारसं काही उरत नाही.

आपल्याकडच्या इंद्रजाल कॉमिक्सची आठवण यात घालायचा मोह होतो, कारण तिथला फँटम मराठीत वेताळ म्हणूनच आला. पण तो नावापुरता वेताळ, भूत नव्हेच. त्याच्या मुखवट्यातून पांढरे, बिनबाहुल्यांचे डोळे दिसतात. ही कल्पना ग्रीक पुतळ्यांवरून सुचल्याचं त्याचा कर्ता ली फॉक यानं सांगितलं आहे. आम्हाला ते डोळे भारी वाटायचे, पण त्याला कधी वाईट वाटतंय असं मनात यायचं नाही. नुसता चेहरा कोरा ठेवला की काम भागत नाही, हे त्यावरून कळतं. त्याच्या अंगावर कधी काही ओझं नसायचं. घोडा होता, लांडगा होता, आणि पाठ कायम ताठ.

खांद्यावर ओझं घेतलेला तिसरा माणूस मला सापडला तो माणूसच नव्हता. लेन वाइन आणि बर्नी राइटसन यांनी 1971मध्ये 'स्वॉम्प थिंग' नावाचं एक दलदलीतलं झाडापानांचं भूत जन्माला घातलं. ॲलेक हॉलंड हा शास्त्रज्ञ स्फोटात जळून दलदलीत पडतो आणि वनस्पतीच्या देहात उठतो, अशी 1972मध्ये सुरू झालेल्या मालिकेतली गोष्ट. पुढे 1984मध्ये ॲलन मूरनं ती एका अंकात उलटी केली. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला त्या देहात फुप्फुसासारखं, हृदयासारखं काही सापडतं, पण त्यातलं एकही चालणारं नसतं. हॉलंड केव्हाच मेला. दलदलीतल्या झाडपाल्याला नुसतं वाटत होतं की आपण हॉलंड आहोत. हे लिहिणं मूरचं, पण हे सोसवलं ते स्टीव्ह बिसेट आणि जॉन टॉटलबेन यांच्या टाकानं. त्यांच्या पानांत रेघेला रेघ चिकटलेली असते, मुळं, शेवाळ, तंतू. चौकटीच्या कडासुद्धा सरळ राहत नाहीत, पानावर जणू काही उगवत असतं. चेहरा आहे, पण तो चिखल आणि मुळं यांचा. रडायचं म्हटलं तरी नेमकं काय हलवायचं?

पुढच्याच अंकात तो जमिनीत मुळं सोडून पडून राहतो आणि स्वप्न बघतो. स्वप्नात त्याच्या हातात हॉलंडचा सांगाडा आहे. तेवढंच त्याचं माणूसपण उरलं आहे, आणि तो ते छातीशी धरून वणवण फिरतो. सांगाडा बोलतोही. इथे मला पुन्हा आपला वेताळ आठवला नसता तरच नवल. चित्रकारांनी त्या हिरव्या अवाढव्य देहाला त्या बोटभर हाडांपुढे दमवलं आहे. मोठ्या शरीराला छोटी वस्तू जड झालेली आहे, हे रेषेत दाखवणं किती अवघड असेल याचा विचार करा. हातांचा आकार, मानेचा कल, पायांखालच्या जमिनीची दलदल, यातून ते येतं. आणि शेवटी तो सांगाडा खाली ठेवतो. विक्रमानं न केलेली गोष्ट करतो. ते पान बघताना मला सुटल्यासारखंही वाटलं आणि रागही आला. असं खाली ठेवता येतं? मग आम्ही काय वेडे होतो?

हा राग कुणावर होता ते मी फार खणलं नाही.

जपानी चित्रकार शिगेरू मिझुकीकडे वळलो की हा सगळा भार अचानक हलका होतो, आणि त्याचं कारण मात्र मुळीच हलकं नाही. मिझुकी दुसऱ्या महायुद्धात न्यू ब्रिटन बेटावर राबाउलला होता. तिथे मलेरिया झाला, बॉम्बहल्ल्यात डावा हात गेला, बरोबरचे बहुतेक मेले. परत आल्यावर एका हातानं त्यानं आयुष्यभर भुतं काढली, 2015मध्ये 93व्या वर्षी जाईपर्यंत. सुरुवात रस्त्यावर गोष्ट सांगणाऱ्यांसाठी पुठ्ठ्यावर चित्रं रंगवण्यापासून, मग भाड्यानं वाचायला मिळणाऱ्या पुस्तकांसाठी. आपल्याकडे सर्क्युलेटिंग लायब्ररीच्या कळकट पुठ्ठ्यातल्या रहस्यकथा असायच्या, त्या जातीची ही पुस्तकं, आणि पैसेही तसेच बेताचे. त्याच्या पानांत दोन वेगळे हात काम करत आहेत असं वाटतं. मागची झाडं, देवळाच्या पायऱ्या, पावसाळी गल्ल्या ठिपक्या-ठिपक्यांनी इतक्या बारकाईनं भरलेल्या की छायाचित्राचा भास व्हावा, आणि त्यापुढे माणसं मात्र गोल डोक्याची, दोन रेघांच्या नाकाची, शाळेतल्या पोरानं वहीच्या मागच्या पानावर काढलेली. मला हे आधी विसंगत वाटायचं. मग लक्षात आलं की युद्ध पाहिलेल्या माणसाला जग असंच दिसत असेल, जागा एकदम ठळक आणि माणसं आज आहेत तर उद्या नाहीत.

त्याचा सगळ्यांत प्रसिद्ध नायक कितारो हा भूतजमातीतला शेवटचा पोरगा, मेलेल्या आईच्या थडग्यातून रांगत बाहेर आलेला. त्याचा बापही मेलाय. बापाचा देह कुजून गेला, पण पोराला एकट्याला टाकवेना म्हणून त्याचा एक डोळा खोबणीतून गळून पडला आणि जिवंत राहिला. त्या डोळ्याला काडीसारखे हातपाय आणि चिमुकलं धड फुटलं. हा मेदामा ओयाजी, म्हणजे डोळा-बाबा. तो चहाच्या वाडग्यात बसून गरम पाण्यानं आंघोळ करतो, पोराला सल्ले देतो, आणि एरवी त्याच्या केसांत बसून हिंडतो. चित्रकाराच्या बाजूनं पाहा. या बापाला भुवई नाही, ओठ नाहीत, पापणीही नाही. फक्त एक बुबुळ. मिझुकी त्याला नुसतं थोडं पुढे झुकवतो आणि आपल्याला काळजी दिसते, दोन्ही हात डोक्याच्या, म्हणजे डोळ्याच्याच, मागे नेतो आणि आपल्याला पेच दिसतो. आणि पोरगा आपल्या मेलेल्या बापाला डोक्यावर घेऊन चाललाय, त्याला त्याचं वजन जाणवतच नाही. मी ते पान पाहिलं आणि पुस्तक बराच वेळ मांडीवर तसंच राहिलं.

मिझुकीचा आणखी एक प्राणी मला फार आवडतो. रात्री एकट्यानं चालताना मागून पावलं वाजतात, वळून पाहिलं तर कुणी नाही. जपानी लोक त्याला बेतोबेतो-सान म्हणतात, आणि उपाय असा की बाजूला व्हायचं आणि 'तुम्ही पुढे व्हा' असं आदरानं सांगायचं. पावलं निघून जातात. लहानपणी साकाइमिनातो गावात एका म्हातारीनं त्याला अशा गोष्टी सांगितल्या होत्या. मुळात ही भीती फक्त आवाजाची, दिसायला काहीच नाही. मिझुकीनं तिला रूप दिलं, एक गोल गरगरीत आकार, त्यात मोठं हसरं तोंड, आणि खाली पायांत लाकडी गेता. भुताला पादत्राणं घालायचं ज्याला सुचलं त्याला कोकणातल्या आरवलीला न्यायला हवं होतं. वेतोबाला तिथे हातभर लांबीच्या कातडी चपला वाहतात, आणि रात्री गावाच्या राखणीला फिरून त्या झिजतात असं तिथले लोक सांगतात. झिजलेला चपलेचा तळ दाखवला की देव थकतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुतणीला आता काय सांगायचं, यावर मी थोडा विचार केला आणि सोडून दिला. तिचं उत्तर तिला तिच्या वेळेला मिळेल आणि ते मिळू नये असंही एक मन म्हणतं. त्याऐवजी मी तिला मिन्योलाची दोन पानांची एक कथा दाखवली, 'पॅनकेक्स'. साल 1947, हेलबॉय अजून बोटभर पोर आहे. न्यू मेक्सिकोतल्या लष्करी तळावर एक जनरल त्याला नाश्त्याला पॅनकेक देतो. पोरगं हटून बसतं, मला नको. शेवटी एक घास खातं आणि आवडतं. बस्स. लगेच पुढे नरक, सगळे सैतान आकांत करतायत, मोठाले दैत्यराज विचारतायत हा कसला आवाज, आणि कळतं की त्यानं ते गोड घावन खाल्लं, आता तो आपल्याकडे कधीच परत येणार नाही. एरवी चेहऱ्याला इतका कंजूष असलेला हा चित्रकार इथे सगळं रडं, सगळा हलकल्लोळ नरकाच्या वाट्याला घालतो, आणि पोरगं बिचारं तोंडातला घास चावत बसलेलं. पुतणी ती दोन पानं वाचून खो खो हसली, मग म्हणाली, "पण ते रडतायत ते बरोबर आहे, त्यांचा पोरगा गेला ना." मी म्हणालो, "हो, बरोबर आहे," आणि या वेळी ते उत्तर तिनं चालवून घेतलं.